चकतीवरील ग्रंथधन : हानी, निदान आणि रक्षण

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी ग्रंथसंग्रहाचे, देणगीदारांचे आणि निष्ठावंत ग्रंथपालांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. तथापि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय कपाटात मावणारा नाही. तो एका लहानशा पेटीत मावतो, आणि पेटी तळहातावर राहते. संगणकाला यूएसबी तारेने जोडली जाणारी बाह्य हार्ड डिस्क ही ती पेटी होय. जुन्या नियतकालिकांची, दुर्मिळ पुस्तकांची आणि हस्तलिखितांची स्कॅन केलेली पाने आज ठिकठिकाणच्या मराठी ग्रंथालयांत अशा पेट्यांमध्ये साठविली जात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा जो कागद सर्वत्र रूढ झाला, तो स्वतःतील आम्लामुळेच ठिसूळ होतो. पान उलटताना त्याचा कोपरा हातात येतो. अशा पानाचे चित्र एकदा घेतले की मूळ पान पुन्हा हाताळण्याजोगे राहील याची खात्री नसते. म्हणूनच ती डिस्क हरपणे याचा अर्थ कित्येकदा तो ग्रंथ दुसऱ्यांदा, आणि कायमचा, हरपणे असा होतो.

ग्रंथ हरपण्याचे आणि पुन्हा मिळविण्याचे प्रसंग मराठी वाङ्मयाला नवे नाहीत. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि महानुभावांनी ती स्मरणाच्या आधारे पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्या ग्रंथाची पाठशुद्धी केली. समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला. प्रती करणे, त्या ताडून पाहणे आणि सांभाळून ठेवणे ही तीन कर्तव्ये तेव्हा होती तीच आजही आहेत. बदलले आहे ते फक्त साधन.

हे साधन चालते कसे, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पहिली हार्ड डिस्क आयबीएम या कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कचे मूळ तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली चकती मिनिटाला हजारो वेळा फिरते. तिच्या पृष्ठभागावरून, पण तिला स्पर्श न करता, लेखन-वाचन करणारे शीर्ष सरकत राहते. या दोहोंमधील अंतर काही नॅनोमीटर एवढेच असते, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या अंतराच्या मानाने धुळीचा साधा कण म्हणजे डोंगरच. चालू डिस्क टेबलावरून पडली असता किंवा घरच्या घरी तिचे झाकण उघडले असता काय अनर्थ ओढवतो, हे यावरून ध्यानी यावे.

आता प्रत्यक्ष हानीकडे वळू. विंडोज एक्सपी ही संगणक-प्रणाली २००१ साली आली. तिच्या काळात बाह्य डिस्क वापरणाऱ्यांना एक सूचना वारंवार दिसे. विलंबाने करावयाचे लेखन अयशस्वी झाले, अमुक फाइलमधील सर्व माहिती जतन करता आली नाही आणि ती नष्ट झाली आहे, असा तिचा आशय असे. फाइल तर जतन केली होती, पडद्यावर तसे दिसलेही होते, मग ती नष्ट कशी झाली, असा प्रश्न वापरणाऱ्यास पडे.

याचे उत्तर विलंब या शब्दात आहे. डिस्कच्या मानाने संगणक अतिशय वेगवान असतो. म्हणून तो मजकूर प्रथम आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो, काम झाल्याचे वापरणाऱ्यास सांगतो आणि प्रत्यक्ष लेखन सवडीने, काही क्षणांनंतर करतो. पत्र पेटीत टाकले म्हणजे ते पोहोचले असे नव्हे, तसाच हा प्रकार. त्या काही क्षणांत तार निघाली, वीज गेली किंवा जोडणी क्षणभर तुटली, तर स्मृतीतील मजकूर डिस्कपर्यंत पोहोचतच नाही. विंडोज १० च्या २०१८ मधील एका सुधारित आवृत्तीपासून बाह्य डिस्कबाबत असा विलंब टाळण्याची व्यवस्था मुळातच निवडलेली असते. तरीही चालू असलेले लेखन मध्येच तुटण्याचा धोका राहतोच, आणि अन्य संगणक-प्रणालींत विलंबित लेखन आजही होते. तार काढण्यापूर्वी डिस्क सुरक्षितपणे विलग करण्याची आज्ञा द्यावी, असा जो आग्रह धरला जातो, तो याचसाठी.

या अपघातात एखादी फाइल गेली तर दुःख मर्यादित राहते. पुष्कळदा मात्र घाव पडतो तो डिस्कच्या अनुक्रमणिकेवर. ग्रंथालयाच्या सभासदांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कपाटांतील सर्व ग्रंथ जागच्या जागी आहेत, परंतु तालिकापत्रांचे खण कोणी ओतून दिले आहेत, अशी अवस्था कल्पावी. ग्रंथ आहेत, पण ते कोठे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी संगणक विचारतो, की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करावयाची का? हा प्रश्न म्हणजे मागील तालिका विसरून नवी कोरी तालिका मांडू का, असे विचारणे होय. घाईने होकार देणाऱ्या बोटाने जेवढी हानी केली आहे, तेवढी क्वचितच यंत्राच्या बिघाडाने केली असेल.

यास्तव पहिला नियम असा, की हानीची शंका येताच त्या डिस्कवर एक अक्षरही नवे लिहू नये. फाइल पुसली गेली म्हणजे बहुधा तिचे तालिकापत्र तेवढे काढले जाते. ग्रंथ फळीवर तसाच असतो. त्या जागी दुसरा ग्रंथ ठेवला गेला की मात्र पहिला कायमचा जातो. चकतीऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या एसएसडी प्रकारच्या पेटीत ही सवलतही गृहीत धरता येत नाही. तेथे पुसलेला भाग यंत्र स्वतःहूनच रिकामा करून टाकू शकते. दुसरा नियम असा, की पडद्यावरील सूचना शब्दशः टिपून घ्यावी आणि सोबत तारीख व वेळ लिहावी. वैद्याला लक्षणे सांगावी लागतात, तसेच हे आहे.

निदानाचा क्रम बाहेरून आत असा असावा. सर्वांत बाहेर आहे ती तार. सैल झालेली किंवा आतून तुटलेली तार हे जोडणी खंडित होण्याचे नित्याचे कारण होय. तार बदलून पाहावी, संगणकावरील दुसरे छिद्र वापरावे, शक्य तर दुसरा संगणकही घ्यावा. अनेक छिद्रांचा जोडपट्टा मध्ये असेल तर तो काढून डिस्क थेट संगणकाला जोडावी.

तारेनंतर वीज. अडीच इंची लहान डिस्कला तिची वीज त्याच तारेतून मिळते. यूएसबीच्या दुसऱ्या पिढीतील छिद्रातून ५०० मिलिअँपिअर आणि तिसऱ्या पिढीतील छिद्रातून ९०० मिलिअँपिअर इतका प्रवाह मिळण्याची तरतूद आहे. चकती फिरू लागतानाचा पहिला जोर मोठा असतो. वीज अपुरी पडली तर डिस्क टिकटिक आवाज करते, सुरू होते आणि बंद पडते. अशी डिस्क पुरेशी वीज मिळताच कित्येकदा पूर्ववत चालू लागते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतंत्र वीजजोडणी असते. तिचा अडॅप्टर क्षीण झाला तर लक्षणे तशीच दिसतात.

त्याच्याही आत पेटीतील लहानसा विद्युत्-फलक असतो. डिस्कची भाषा आणि यूएसबीची भाषा यांच्यामध्ये तो दुभाष्याचे काम करतो. दुभाषी आजारी पडला म्हणजे वक्ता मुका झाला असे होत नाही. काही पेट्यांतील डिस्क बाहेर काढून दुसऱ्या पेटीत जोडता येते आणि मजकूर सुखरूप मिळतो. मात्र काही पेट्यांत हा दुभाषी मजकूर सांकेतिक रूपात लिहितो आणि काहींत तो डिस्कच्याच फलकावर एकजीव केलेला असतो. म्हणून हे काम माहीतगाराकडेच सोपवावे.

शेवटी खुद्द चकती आणि शीर्ष. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट असे नाव आहे. तीत खराब झाल्याने बदललेल्या जागांची आणि वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेल्या जागांची संख्या असते. हे आकडे वाढू लागले की डिस्कने निवृत्तीची सूचना दिली असे समजावे. खरखर किंवा ठोके ऐकू येत असतील आणि वीज पुरेशी असेल, तर डिस्क तत्काळ बंद करून तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेकडे न्यावी. ती शीतपेटीत ठेवण्याचा एक लोकप्रिय उपाय सांगितला जातो. त्याने आत दव धरते आणि उरलीसुरली आशाही संपते.

डिस्क आवाज करीत नसेल आणि संगणकाला दिसत असेल, तर दुरुस्तीपूर्वी तिची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या डिस्कवर उतरवावी. डीडीरेस्क्यू हे मुक्त सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येणारे भाग उतरवून घेते, अवघड भागांकडे मागाहून वळते आणि कोठपर्यंत काम झाले याची नोंद ठेवते. जीर्ण पोथी नकलणारा शहाणा लेखक याच क्रमाने जाईल. पुढील प्रयोग या प्रतिमेवर, आणि तेही तिची आणखी एक नक्कल हाताशी ठेवून, करावेत. टेस्टडिस्क हे साधन हरवलेले विभाग पुन्हा जुळविते. फोटोरेक हे साधन फाइलींच्या आरंभीच्या खुणांवरून त्या शोधून काढते, पण त्यांची मूळ नावे सहसा परत मिळत नाहीत.

येथे एका प्रचलित चुकीचा उल्लेख करणे भाग आहे. विंडोजमधील चेकडिस्क ही आज्ञा पुष्कळ जण प्रथमोपचार म्हणून देतात. ती आज्ञा तालिकेची सुसंगती साधते. मजकूर वाचविणे हे तिचे काम नव्हे. दुरुस्तीच्या नावाखाली ती त्याच डिस्कवर लिहिते, आणि आजारी डिस्कला आणखी राबविते. प्रतिमा हाती येण्यापूर्वी ती देऊ नये.

उपचारापेक्षा रक्षण केव्हाही श्रेयस्कर. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तीन-दोन-एक असा सुटसुटीत नियम रूढ केला. प्रती तीन असाव्यात, साधने दोन प्रकारची असावीत आणि एक प्रत वास्तूच्या बाहेर असावी. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या आणि एकाच कपाटात ठेवलेल्या तीन डिस्क म्हणजे तीन प्रती नव्हेत. आग आणि पूर त्यांना एकच समजतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ साली लॉक्स हा उपक्रम सुरू केला. त्याचे सूत्रही हेच, की अनेक ग्रंथालयांनी एकाच मजकुराच्या प्रती बाळगाव्यात आणि त्या परस्परांशी ताडून पाहाव्यात.

ताडून पाहणे हे एकनाथांचे कार्य होते. आज त्याला गणिताची जोड मिळाली आहे. एसएचए-२५६ या पद्धतीने कोणत्याही फाइलची ६४ चिन्हांची एक मुद्रा तयार होते. फाइलमधील एक स्वल्पविराम बदलला तरी मुद्रा पार बदलते. स्कॅन झालेल्या प्रत्येक ग्रंथाची मुद्रा नोंदवहीत लिहून ठेवावी आणि वर्षातून एकदा सर्व प्रतींच्या मुद्रा तिच्याशी जुळवून पाहाव्यात. जेथे फरक दिसेल तेथे शुद्ध प्रतीवरून अशुद्ध प्रत दुरुस्त करावी. वार्षिक पुस्तक-पडताळणी ज्या संस्थेच्या अंगवळणी पडली आहे, तिला हे काम परके वाटू नये.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी ग्रंथालयांना येथे एक विशेष संधी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव आणि गोवा या ठिकाणचे संग्रह त्या त्या स्थानिक मराठी जीवनाचे साक्षीदार आहेत. स्थानिक मंडळांचे अहवाल, उत्सवांच्या स्मरणिका, अल्पायुषी मासिके यांची दुसरी प्रत कित्येकदा पुण्या-मुंबईतही सापडत नाही. एका शहरातील ग्रंथालयाने दुसऱ्या शहरातील ग्रंथालयाची एक डिस्क सांभाळावी, आपली त्याच्याकडे ठेवावी. वर्षातून एकदा पडताळणीचे पत्र पाठवावे. याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो परस्परविश्वास आणि नोंदवहीतील नियमितपणा.

आश्रयदात्यांनी ग्रंथालयाला कपाटे दिली, वास्तू दिली, ग्रंथ दिले. यापुढील देणगीत दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कचाही विचार व्हावा. तिच्यावर कोणाचे नाव कोरता येणार नाही, वाचकाच्या दृष्टीसही ती पडणार नाही. परंतु ज्या दिवशी पहिली डिस्क बोलेनाशी होईल, त्या दिवशी शंभर वर्षांचा संग्रह त्या अदृश्य देणगीच्या बळावर उभा राहील. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा.