निजताना मनाशी कोणत्या भाषेत बोलावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मला चार शब्द बोलावयास सांगितले, हा मंडळाने माझा मोठाच मान केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. पण आपल्या दुपारच्या बैठकीत गेल्या वर्षी एक प्रश्न निघाला होता, आणि चहा आला म्हणून तो तसाच राहून गेला. त्यावर जे मी मुलीकडून वाचून घेतले आणि जे स्वतः करून पाहिले, तेवढेच सांगते.

प्रश्न असा होता. स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असे ओळखता यावे, म्हणून निजताना एक वाक्य मनाशी घोळवतात. आपल्या वसमतेत तर जिला एकच भाषा येते अशी बाई शोधावी लागेल. मग ते वाक्य कोणत्या भाषेत म्हणावे?

स्वप्नात शुद्ध असणे ही थट्टेची गोष्ट नव्हे. १९७५ साली इंग्लंडात हल येथील विद्यापीठात कीथ हर्न नावाच्या संशोधकाने ती तपासून पाहिली. झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून स्वप्नातूनच खूण केली, आणि ती खूण यंत्राने टिपली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी त्याची रीत बसविली. ती साधी आहे. पहाटे जाग आली की नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे, आणि 'पुढचे स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल' असे मनात ठसवीत पुन्हा झोपावे. ऑस्ट्रेलियात २०१७ साली याची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. पाच तास झोपून उठायचे, वाक्य घोळवायचे, आणि दिवसाही 'मी जागी आहे ना?' असे स्वतःला विचारायचे; हे सारे करणाऱ्यांना शंभरात सुमारे सतरा वेळा यश आले. म्हणजे रोज साधेल असे नाही, पण अगदी दुर्मीळही नाही. पाण्यासाठी पहाटे उठून पुन्हा पाठ टेकणाऱ्या आपल्यासारख्यांची अर्धी तयारी तर आयतीच झालेली असते!

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. स्वप्नात उडावे, फिरावे, ही हौस तरुणांची. आपला उपयोग निराळा. ज्या बाईला एकच वाईट स्वप्न वर्षानुवर्षे छळते, तिला त्या स्वप्नात 'हे खरे नाही' एवढे कळले तरी केवढा आधार!

आता भाषेकडे वळू. आपल्याकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते आणि कचेरीची भाषा उर्दू होती. माझे आजोबा उर्दूतून शिकले. अर्ज उर्दूत लिहीत, पाढेसुद्धा उर्दूत म्हणत. पण ताप चढला की बडबड सारी मराठीत, आणि तीही आपल्या आईला हाक मारून. शिकलेली भाषा बैठकीच्या खोलीत बसते आणि आईची भाषा माजघरात राहते, हे मी तेव्हापासून पाहत आले.

शास्त्रज्ञांनीही याचा पडताळा पाहिला आहे. अमेरिकेत कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तुर्की ही मातृभाषा असणाऱ्या आणि इंग्रजी मोठेपणी शिकलेल्या माणसांच्या बोटांना यंत्र लावून त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकविले. लहानपणी आईबाप जसे दटावतात तसे बोल तुर्कीत ऐकताच अंगावरची खूण यंत्रात ठळक उमटली. तेच इंग्रजीत ऐकताना तेवढी उमटली नाही. हा प्रयोग जागेपणीचा आहे, स्वप्नाचा नव्हे. पण कोणते बोल अंगाला भिडतात, हे त्यावरून कळते.

माझे स्वतःचे सांगते. माझे माहेर देगलूरचे. आई तेलुगू, वडील मराठी, शाळा मराठी. लग्न होऊन वसमतेस आले ती पुरती मराठी झाले. माझा धाकटा चार वर्षांचा असताना एका मोठ्या स्टेशनावर गर्दीचा लोंढा आला आणि त्याचा हात सुटला. अर्ध्या तासाने तो सापडला, सुखरूप सापडला. आज तो माझ्याहून उंच आहे. पण स्वप्नात तो अजून चारच वर्षांचा असे, गाडी सुटत असे, आणि मी धावत असे. उठले की दिवसभर छातीत धडधड.

मुलीने ही रीत वाचून दाखविली तेव्हा भजनातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी संस्कृत वचन घ्यावयास सांगितले. मी पंधरा दिवस घेतले. ते ओठांवर छान बसले, पण स्तोत्रासारखे आपोआप चालू लागले. अर्थ मागे पडला. मग मराठी वाक्य घेतले. ते समजे, पण दिवसभराच्या 'दूध ठेवायचे आहे, बिल भरायचे आहे' यांच्याच रांगेत ते जाऊन बसे. शेवटी आठवले की आई मला पहाटे 'तेल्लारिंदी, ले' म्हणून उठवी. 'उजाडले, ऊठ' असा त्याचा अर्थ. तेव्हा तिच्याच भाषेतले दोन शब्द घेतले: 'इदि कल', म्हणजे हे स्वप्न आहे. तिच्याच आवाजात ते मनाशी म्हणू लागले. तिसऱ्या आठवड्यात त्या स्टेशनावर, त्या गर्दीत, ते शब्द मला ऐकू आले. मी धावायची थांबले. गाडी गेली, मी जाऊ दिली. त्यानंतर ते स्वप्न दोनदाच पडले.

म्हणून सर्वांनी माहेरचीच भाषा घ्यावी, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या शेजारच्या एक भाभी 'ये ख्वाब है' म्हणतात आणि त्यांना ते मानवले. दुसऱ्या एक भगिनी जन्माने कानडी; पण रागावतात, रडतात आणि लेकरांना जोजवितात ते मराठीत. त्यांनी मराठीच घेतली, आणि ते योग्यच झाले.

काही जणींना वाटते, घरची बोली हलकी, असल्या कामाला मोठी भाषा हवी. भगिनींनो, ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तो ऐकणाऱ्यांसाठी. नामदेवांचे जन्मगाव मानतात ते नरसी आपल्याच जिल्ह्यात आहे. ते उत्तरेकडे गेले तेव्हा तिकडच्या लोकांच्या बोलीत गायिले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. ज्याला सांगायचे त्याच्या भाषेत सांगावे, हीच संतांची रीत. आणि रात्री ऐकणारे कोण? आपलेच मन, आणि तेही पेंगुळलेल्या लेकरासारखे. त्याला ज्या भाषेत उठविले, दटाविले, पोटाशी धरले, तीच त्याची भाषा.

ती ओळखावी कशी? उशाशी वही ठेवा. आठ दिवस, उठल्याबरोबर, स्वप्नात कोण कोणत्या भाषेत बोलले ते लिहा. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्या. मग दोन-तीन शब्दांचे, 'आहे' म्हणणारे वाक्य करा; 'नाही, नको' त्यात आणू नका. एकदा ठरले की महिनाभर बदलू नका. ज्यांना गुरूने मंत्र दिला आहे त्यांनी तो तसाच जपावा. हे वाक्य त्याच्या जागी नव्हे. आणि ज्यांची झोप मुळातच कमी आहे, किंवा ज्यांचा मनाच्या आजारावर उपचार चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. झोप मोडून स्वप्न सुधारणे परवडणारे नाही.

आपल्या मंडळात चार बोली बोलणाऱ्या बायका एका सतरंजीवर बसतात. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्याला लहानपणी कोणत्या शब्दांनी उठवीत ते सांगावे, अशी माझी सूचना आहे. एखादीचे शब्द आज घरात कोणीच बोलत नसेल. ते निदान इथे तरी एकदा उच्चारले जातील.