एकट्यानं उभं केलेलं गाव



मघाशी या स्नेहसंमेलनात तुमच्यातल्या एका मुलानं एकपात्री सादर केलं. गुरुजी विचारतात, "उशीर का रं?" पोरगं म्हणतं, "म्हस सुटलीवती, गुरुजी." गुरुजी बोलताना त्याची नजर खाली वळायची, पोराच्या वेळी वर जायची. तेवढ्यानं दोन माणसं दिसली, आणि न आलेली म्हैससुद्धा! त्याचं मनापासून कौतुक करतो.

एकट्यानं अनेक माणसं उभी करायच्या या कलेची आपल्याकडं मोठी परंपरा आहे. द. मा. मिरासदार अकलूजचे, शंकर पाटील पट्टणकोडोलीचे आणि व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. ना नेपथ्य, ना रंगभूषा. समोर माईक आणि तोंडात गावची बोली. शाळेतली मुलं, मास्तर, पारावरची माणसं ऐकताना लोक पोट धरून हसायचे. पुढं तिघंही अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर 1983 ला अंबाजोगाईत, पाटील 1985 ला नांदेडला, मिरासदार 1998 ला परळीत. मराठवाड्यात लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकट्यानं 52 पात्रं उभी केली. ते नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते, पण पात्रं बोलली ती मराठवाडी.

हे मी मुद्दाम सांगतोय. स्नेहसंमेलनात खेडूत दाखवायचा म्हणजे फाटकी टोपी आणि वेडंवाकडं बोलणं, असा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. मला तो अजिबात पटत नाही. मिरासदारांच्या कथेतला माणूस बेरकी असतो, थापाड्या असतो, पण मूर्ख म्हणून हिणवलेला नसतो. लेखकाचा त्याच्यावर जीव असतो, म्हणून ऐकणाऱ्याचाही बसतो.

तुमच्यातले कितीतरी जण पाटण, उंब्रज, मसूरहून एसटीनं येता. त्या एसटीत कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालणारी आजी रोज भेटते. ती कुठं थांबते, कुठला शब्द ताणते, हे नीट ऐका. घरी आजोबांना त्यांच्या शाळेबद्दल विचारा आणि ते सांगतील तसंच, त्यांच्याच बोलीत, वहीत उतरवून ठेवा.

शिक्षकांना माझी विनंती आहे: पुढच्या स्नेहसंमेलनात एकपात्रीसाठी अर्धा तास राखून ठेवा, आणि बोली सुधारून घेऊ नका. मुलींनीही यात मागं राहू नये. बोलावलंत तर ऐकायला मी नक्की येईन.