पिट्युटरी, बीजकोश आणि तीन महिन्यांची सुई
(आरोग्य शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, शरीराविषयी बोलायचं म्हटलं की आपण गर्भाशयापाशी सुरुवात करतो आणि तिथंच थांबतो. आज जरा वर, मेंदूच्या तळाशी जाऊ. तिथं वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिला नळी नाही. तिची संप्रेरकं थेट रक्तात मिसळतात. गळ्यातली थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल, याही तशाच. थायरॉइडचं एवढंच सांगते : सततचा थकवा, अंगावर जास्त जाणं ही बाईची कुरकुर समजू नका, रक्त तपासून घ्या.

पिट्युटरी बीजकोशांना निरोप धाडते. बीज पिकू लागलं की बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतात. ते पुरेसं वाढलं की पिट्युटरीतून संप्रेरकाची लाट येते आणि बीज सुटतं. मग प्रोजेस्टेरॉन वाढतं. गर्भ राहिला नाही की ते उतरतं, पाळी येते.

डेपो प्रोव्हेराचं इंजेक्शन नेमकी ही लाट अडवतं. दर तीन महिन्यांनी 150 मिलिग्रॅम कृत्रिम संप्रेरक. दिवस राहत नाहीत, हे खरं. पण बीजकोशही मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं, हाडांची घनता कमी होते. सुई थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते. पाळी बेभरवशाची होते किंवा थांबते. गोळी सोसली नाही तर उद्या बंद करता येते. टोचलेलं औषध काढून घेता येत नाही.

1985 साली हैदराबादजवळ पाटणचेरूला अशाच नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीत बायकांना पुरेशी माहिती न देता सुया दिल्या जात होत्या. 1986 मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली वगैरे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तरी 1993 मध्ये डेपोला विक्रीची परवानगी मिळाली आणि 2017 पासून ‘अंतरा’ नावानं ते सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागलं.

काही बायकांना हीच सुई हवी असते, कारण ती नवऱ्याला दिसत नाही. हे आपण आपल्या पत्रकांत मोकळेपणी मांडलेलं नाही, असं मला वाटतं. त्यांना अडवू नका, सोबत जा. टोचण्याआधी नर्सबाईंना विचारा : रक्तस्राव थांबला नाही तर कुणाकडे यायचं? वर्षभरात मूल हवं असेल तर? सुई सोडल्यावर दिवस राहायला बऱ्याचदा नऊ-दहा महिने लागतात. आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या.