शेजाऱ्याला पटवून सांगा

चेन्नईजवळच्या आवडीत मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात १२० मुलं. पुढच्या बाकांवरची चार-पाच जण बोलतात, बाकीची फळ्यावरचं उतरवून घेतात. आज मला त्या बाकीच्यांबद्दल बोलायचं आहे.

आवडीत रणगाड्यांचा कारखाना आहे. म्हणून मी विचारतो, रणगाडा स्कूटरवर आदळला, तर जास्त बल कोणावर? न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी ‘स्कूटरवर’ म्हणणारे हात भराभर वर होतात. मी उत्तर सांगत नाही. प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहायचं, मग तीन मिनिटांत शेजाऱ्याला पटवायचं, आणि पुन्हा हात वर करायचे. बल दोघांवर सारखंच. स्कूटर हलकी, म्हणून ती फेकली जाते. हे मुलंच एकमेकांना समजावतात.

हार्वर्डचे एरिक मझूर ही पद्धत १९९१ पासून वापरत आले. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील, तेव्हा चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी असतील तर पुन्हा समजवावं, जास्त असतील तर पुढे जावं. आपल्या आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात ‘आधी विचार, मग जोडी, मग सगळे’ अशी रीत वापरली. २०१३ च्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, सक्रिय वर्गात २२.

मुलं विचारतात, बोलायचं कुठल्या भाषेत? मी सांगतो, तमिळ, तेलुगू, हिंदी, जी जवळची असेल ती. इंग्रजीत गप्प बसणारा मुलगा तमिळमध्ये जोरात भांडतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचंही वेगळं नसतं.

तक्रार ठरलेली असते : ‘सर शिकवतच नाहीत.’ हार्वर्डमध्येच २०१९ साली दिसलं, की अशा वर्गात मुलं जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. डोक्याला ताण पडला की तसं वाटणारच. म्हणून कारण पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

सगळा तास बदलू नका. उद्या एकच प्रश्न विचारा आणि तीन मिनिटं स्वतः गप्प राहा.