मिठाची शिल्लक

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



रौप्यमहोत्सवात आठवणी सांगायची रीत आहे. मी मात्र आपल्या गच्चीवरच्या सॉफ्टनरमधल्या मिठाबद्दल बोलणार आहे. बँकेत नोकरी झाली, त्यामुळे शिल्लक जुळल्याशिवाय चैन पडत नाही.

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांवर आपला हा भाग पोसला. पण आवर्तन लांबले की आपली भिस्त बोअरवर. बोअरचे पाणी जड. शाळेत आपण त्याला दुष्फेन म्हणायचो. आपल्या तपासणीत कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम आला. भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंत चांगले. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणून सॉफ्टनर घेतला.

त्यातले बारीक मणी पाण्यातला चुना धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. १०,००० लिटर पाण्यातून ५ किलो कठीणपणा निघतो. त्याला हिशोबाने ६ किलो मीठ पुरावे, प्रत्यक्षात दुप्पट तरी लागते. म्हणजे जमा किती, खर्च किती, हे मांडता येते. 'अंदाजे टाकले' हे खाते चालणार नाही!

टाकीच्या तळाशी न विरघळलेले मीठ कायम दिसले पाहिजे. १०० लिटर पाण्यात सुमारे ३६ किलो मीठ विरघळते. त्यापुढचे तळाशी राहते, तीच आपली शिल्लक. खडेमीठच घ्या. वर पापुद्रा धरून खाली पोकळी झाली, तर लाकडी काठीने हलकेच फोडा. आणि बाटलीत पाणी घेऊन साबणाचे चार थेंब टाकून हलवा. फेस आला नाही, तर धुण्याची वेळ झाली.

आता महत्त्वाचे. सॉफ्टनरचे पाणी गोड लागले, तरी क्षार कमी झालेले नसतात, फक्त बदललेले असतात. ५०० चा कठीणपणा काढला की लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम येते. दोन लिटर प्यायलो की ४६०. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते, आणि आपल्याकडे बीपीच्या गोळ्या घेणारे किती, हे सकाळी कट्ट्यावर बसले की कळते! तेव्हा हे पाणी आंघोळीला, धुण्याला, गिझरला. प्यायला व स्वयंपाकाला कालव्याच्या पाण्याचा नळ वेगळा असावा.

बागेलाही हे पाणी नको. सोडियमने जमीन कशी चोपण होते, हे कालव्याकाठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पंचवीस वर्षे वाढवलेली आपली झाडे त्यात जाऊ नयेत.

माझी सूचना एवढीच: टाकीजवळ एक वही टांगा. तारीख, टाकलेले मीठ, फेस आला की नाही आणि सही. दर महिन्याला एका घराने पाळी घ्यावी. पहिला महिना माझा.