गाडीची वही

माझ्याकडे मारुती ८०० आहे असं म्हटलं की लोक आधी विचारतात, "अजून चालते?" मग विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" कवीला विचारण्यासारखा खरा प्रश्न तिसरा आहे, तो कुणी विचारत नाही. कविसंमेलनाच्या मानधनात जाण्यायेण्याचं पेट्रोल सुटतं का? नाही सुटत. पंचवीस वर्षांत फार तर चार वेळा सुटलं असेल. त्यातल्या एका वेळी आयोजकांनी चुकून दोन पाकिटं दिली होती. एक मी घरी आल्यावर परत पाठवलं, म्हणजे तीही वेळ बाद धरायची.

गाडी नोव्हेंबर २००० मधली. पांढरी, एमएच ०६, म्हणजे आपल्या रायगडची. तेव्हा मी पतपेढीत कारकून होतो आणि कर्ज काढून ती नवी घेतली. वहीप्रमाणे आजवर ती ३ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे. 'वहीप्रमाणे' म्हणायचं कारण, मीटरची केबल दोनदा तुटली आणि ते दिवस अंदाजाने धरावे लागले. चंद्र इथून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. ईदच्या चांदासाठी आम्ही गच्चीवर जमतो तेव्हा आमची नात विचारते, "आजोबा, आपली गाडी कुठवर पोचली?" मी म्हणतो, "अजून ७२ हजार राहिलेत." चांद दिसला की ती गाडीलाही मुबारक म्हणून येते.

आमचं गाव मुरूडच्या पुढे, राजपुरीच्या खाडीच्या अंगाला. माझ्या लहानपणी गावात मोटार म्हणजे एस.टी., नाहीतर मुंबईहून लग्नाला आलेली एखादी फियाट. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची चावी दिली, तेव्हा ती बातमी आमच्याकडे रेडिओवरच ऐकली गेली. प्रत्यक्ष गाडी किनाऱ्यावरच्या घरांपुढे उभी राहायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचा दुबईला, असं करत करत ती आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं. गावातल्या बोळातून जाईल एवढी बारीक आणि चिखलात रुतली तर चौघांनी उचलून बाजूला ठेवावी एवढी हलकी. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी सुटे भाग मिळत राहिले, याचं श्रेय ओम्नीला. तिच्यात हेच इंजिन होतं आणि ती २०१९पर्यंत निघत होती. आता मात्र एखादी वस्तू रोह्याला मिळते, एखादीसाठी मुंबईला कुर्ल्यापर्यंत निरोप धाडावा लागतो.

वहीची सवय अब्बांची. अब्बा बावीस वर्षं जहाजावर इंजिन-रूमला होते. तेलवाला म्हणून चढले आणि टिंडल होऊन उतरले. गाडी दारात आली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. अब्बांनी पेढा हातात धरला आणि गुडघे टेकून गाडीच्या खाली पाहिलं. मग मला म्हणाले, "जहाजाची लॉगबुक असते तशी हिची वही घाल. काय बदललं ते लिही. काय बदललं नाही तेही लिही." दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला वीस वर्षांनी कळला. तो पुढे येईल.

वही साधी, दोनशे पानी. तारीख, किलोमीटर, काम, खर्च. मागच्या पानांवर कविता. कधी दोन्ही सरमिसळ झालं आहे. एका कवितेच्या कडव्याखाली 'फॅन बेल्ट, रु. ८५' असं आहे आणि खरं सांगायचं तर त्या पानावर तीच ओळ टिकाऊ ठरली.

इंजिनाची निगा ही काही मोठी विद्या नाही. दर पाच हजारांनी ऑईल बदलायचं, फिल्टरसकट. सकाळी चालू केल्यावर सायलेन्सरकडे एकदा पाहायचं. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. टायमिंग बेल्ट तुटायची वाट पाहायची नाही. माझा मिस्त्री तो साठ हजारांना बदलतो, जुना चांगला दिसत असला तरी. सगळ्यात महत्त्वाचं, तापमानाचा काटा वर सरकला की थांबायचं. 'घर दहा मिनिटांवर आहे, पोचू' हे वाक्य फार महागात पडतं. सिलिंडरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ते तापून वाकलं की गॅस्केट जातं आणि दीडशे रुपयांच्या होसपाइपपायी अख्खं इंजिन खोलावं लागतं. मी हे वाक्य २००९ मध्ये एकदा म्हटलं होतं, पेणच्या अलीकडे. पुन्हा नाही म्हटलं. १ लाख ९० हजारांना रिंगा आणि बेअरिंगं घातली. त्यानंतर इंजिनाने तक्रार केली नाही.

पण किनाऱ्यावरची गाडी इंजिनाने मरत नाही. ती पत्र्याने मरते.

घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. आमच्याकडे वाराच खारा. पावसाळ्यात समुद्र खवळला की तुषार उडून वाडीतल्या पोफळींवर बसतात, खिडकीच्या गजांवर बसतात, तसे गाडीवरही. वरचा रंग धुतला जातो. खालचं मीठ तसंच राहतं. दरवाजाच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात. त्यांत पालापाचोळा, वाळू अडकली की दरवाजा आतून भरतो आणि आतून सडतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा पत्रा कधीच गेलेला असतो. माझ्या डिकीचा तळ तर मासळीने खाल्ला. कोळीवाड्यातल्या एक मावशी बाजाराला निघाल्या की टोपली घेऊन वाटेत हात करायच्या. नाही कसं म्हणणार? टोपलीतलं पाणी झिरपत राहिलं. सहा वर्षांनी एक दिवस डिकीतून रस्ता दिसला. मावशी म्हणाल्या, "बरं झालं, आता पाणी साचणार नाही." पुढच्या आठवड्यात त्यांनी पत्र्याच्या खर्चाला म्हणून दोन पापलेटं आणून दिली.

याच्या उलट आमचे पाहुणे. काशीदच्या किनाऱ्यावर वीस-वीस लाखांच्या गाड्या ओल्या वाळूत घालतात, लाटेत फोटो काढतात, आणि भरती आली की ट्रॅक्टर शोधत गावात येतात. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे देऊन ते मोकळे होतात. खरं बिल दोन पावसाळ्यांनी येतं, पुण्याला किंवा मुंबईला, आणि तेव्हा कुणाला काशीद आठवत नाही.

अब्बांकडे एक छोटी हातोडी होती. जहाजावर गंज ठोकून काढायची, मग लाल रंग मारायचा, हे काम वर्षभर चालूच असतं. ती हातोडी घेऊन ते दर दोन महिन्यांनी गाडीखाली सरपटत जायचे. टक्, टक्, टक्. चांगला पत्रा खणकन बोलतो, सडका पत्रा भद्द बोलतो. ते आतून सांगायचे आणि मी वहीत लिहायचो: 'ड्रायव्हरच्या पायाखाली, भद्द.' 'मागचं डावं चाक, बरं.' मग गोड्या पाण्याने खालून धुणं, वाळवणं, आणि जळक्या ऑईलचा हात. जळकं ऑईल टिपकतं, जमिनीत मुरतं. हल्ली मी ते करत नाही, गॅरेजात काळं कोटिंग मारून घेतो. तेव्हा करायचो.

अब्बा २०१७ मध्ये गेले. शेवटचे कुठे गेले असतील तर याच गाडीतून अलिबागला, मागच्या सीटवर आडवे, डोकं अम्मीच्या मांडीवर. मुरूडहून पन्नासएक किलोमीटर. साळावचा पूल आला तेव्हा त्यांनी विचारलं, "काटा कुठाय?" मी म्हटलं, "मधेच आहे." "मग ठीक."

त्यांच्यानंतर हातोडी कपाटात राहिली. गाडी मी सांभाळत होतो. ऑईल, बेल्ट, प्लग, सगळं वेळेवर. वहीत नोंदी होत्या. फक्त खाली कुणी जात नव्हतं. माझं पोट आडवं येतं, हे एक कारण. दुसरं कारण असं, की इंजिन इतकं गुळगुळीत चालत होतं की मला गर्व झाला होता. भेटेल त्याला मी किलोमीटर सांगत होतो. जून २०२०च्या निसर्ग वादळात आंब्याची फांदी बोनेटवर पडली. मी ते बोनेट बदललं आणि त्याचीही गोष्ट करून सांगत राहिलो.

२०२१च्या जुलैत काशीदजवळचा जुना पूल पावसात कोसळला. अलिबागचा रस्ता बंद झाला आणि सगळी वाहतूक सुपेगाववरून रोह्याकडे वळली. त्याच दिवसांत शेजारच्या वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे रोह्याला नेलं होतं. परत येताना संध्याकाळ झाली होती, पाऊस होता. फणसाडच्या जंगलातल्या उतारावर मी ब्रेकवर पाय दिला आणि तो पाय खाली गेला. गेला तो गेलाच.

पुन्हा दाबला. थोडासा धरल्यासारखा वाटला, मग पुन्हा खाली. ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा अर्धंमुर्धं काम करतो, म्हणून मी आज इथे बोलतो आहे. तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला गियर, इंजिन ओरडलं, हँडब्रेक एकेक दात करून ओढला, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. थांबली. मुलगी मागे म्हणाली, "काका, मस्त!" तिला वाटलं मी मुद्दाम केलं. वहिनींना सगळं कळलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. भिजत चालत त्या सुपेगावपर्यंत गेल्या, मुलीला कडेवर घेऊन. नऊ वर्षांच्या मुलीला कुणी कडेवर घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी वर उचलून मला खाली बोलावलं. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा लोखंडी पाइप फरशीच्या पत्र्याखालून जातो. जिथे क्लिपने धरलेला होता तिथे क्लिपच्या आत मीठ आणि चिखल साचला होता. मिस्त्रीने दोन बोटांनी पाइप चिमटला आणि तो बिस्किटासारखा मोडला. "सर," तो म्हणाला, "हे एका दिवसाचं नाही."

घरी येऊन मी वही काढली. पहिल्या पानापासून वाचली. ब्रेकचे लायनर पाच वेळा, ब्रेक ऑईल नऊ वेळा. ब्रेकचा पाइप एकदाही नाही. एकवीस वर्षांत बदलला नाही आणि बदलला नाही हेही लिहिलं नाही. अब्बांचं दुसरं वाक्य तेव्हा कळलं. त्या रात्री वहीच्या उजव्या पानांवर मी वेगळी यादी केली: कारखान्यातून आली तशीच आहे अशी प्रत्येक वस्तू. इंधनाचा पाइप, हँडब्रेकची तार, सीट बेल्टचे बोल्ट, स्टिअरिंगचे सांधे. यादी अडीच पानं झाली. पुढचं वर्षभर पगाराचा हिस्सा त्या अडीच पानांत गेला.

इंधनाचे रबरी पाइप त्यातच बदलले गेले, ते बरं झालं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या हवेत पाण्याला काय तोटा! त्यामुळे पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी ठेवत नाही. लिटरमागे एखादा किलोमीटर कमी झाला आहे, वही तसं सांगते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नोंदणीची मुदत पुन्हा संपायची होती. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी तपासणी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क दहा हजार केलं. आधी ते पाच हजार होतं. शिवाय पर्यावरण कर, विमा. मुलगा मस्कतहून म्हणाला, "अब्बा, तेवढ्यात दुसऱ्या गाडीचा पहिला हप्ता होईल. हिच्यात एअरबॅग नाही, काही नाही. किती दिवस?" त्याचं चूक नव्हतं. साडेसहाशे किलोच्या आसपासची ही गाडी महामार्गावर कंटेनरच्या शेजारी म्हणजे फुलपात्र. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. सोन्याला गंज लागत नाही.

मी शेवटी वहिनींना विचारलं. गाडीत पुन्हा कोण बसणार हा प्रश्न त्यांचाही होता. त्या दिवसानंतर त्या गाडीत बसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "रात्री १०८ला फोन करतोच की आता. पण ती येईपर्यंत दारात काहीतरी उभं असलं की बरं वाटतं." मग थोडं थांबून, "पाइप बघता ना?"

पेणला गाडी नेली. अधिकाऱ्यांनी चासिस नंबर ताडला, दिवे पाहिले, ब्रेक मारायला लावला. पास झाली. मी माझ्यापुरते वेगळे नियम केले आहेत. मुंबई-गोवा महामार्गावर जायचं नाही, पेणची तपासणी सोडून. साठच्या वर जायचं नाही. दुसऱ्याचं मूल बसवायचं तर आदल्या दिवशी खाली जाऊन यायचं. पोट आडवं येतं म्हणून अंगणात दोन फळ्यांचा उतार करून घेतला आहे, त्यावर गाडी चढवली की सरकता येतं.

परवा नातीला घेऊन खाली गेलो. हातोडी तिच्या हातात होती. वहीतली नोंद तिच्याच अक्षरात आहे: '३,१२,४४०. मागचा पाइप नवा आहे. डाव्या दाराची भोकं मोकळी केली. ड्रायव्हरच्या पायाखाली, थोडं भद्द.'