महाजन : अहमदाबादच्या एका शब्दाची वाटचाल



‘महाजन’ हा शब्द आपल्या देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळा अर्थ धारण करतो. उत्तरेकडील खेड्यात महाजन म्हणजे सावकार. त्याचे नाव काढताच कर्जाची वही डोळ्यांपुढे उभी राहते. गोव्यात देवस्थानाच्या कारभारात वंशपरंपरेने अधिकार असलेल्या कुळांतील मंडळींना महाजन म्हणतात. अन्यत्र थोरामोठ्यांविषयी बोलताना तो आदराने वापरला जातो. अहमदाबादेत मात्र महाजन ही व्यक्ती नव्हेच. ती एक संस्था आहे. कापडवाल्यांचे महाजन, सराफांचे महाजन, धान्यवाल्यांचे महाजन असे तेथे बोलले जात असे आणि काही बाजारांत आजही बोलले जाते. या एका शब्दाचा माग काढीत गेल्यास त्या शहरातील व्यापार आणि लोकांच्या संस्था यांचे नाते कसे घडत गेले, हे बरेचसे उमगते. या शब्दात कोणाला जागा मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हा माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

अहमदशहा सुलतानाने साबरमतीच्या पूर्वतीरावर १४११ साली हे शहर वसविले. सूत, रेशीम आणि जर या तीन धाग्यांवर अहमदाबाद लोंबकळते, असे जुने लोक म्हणत. राज्ये बदलली, सुलतान गेले, मोगल आले, त्यानंतर पेशवे आणि गायकवाड यांचा संयुक्त अंमल झाला व शेवटी इंग्रज आले. प्रत्येक वेळी नव्या सत्ताधीशाची गाठ प्रथम पडे ती या धाग्यांभोवती उभ्या असलेल्या महाजनांशी.

महाजनाची रचना समजण्यास कठीण नाही. एका धंद्यातील व्यापारी एकत्र येत व आपल्यातील एकास शेठ नेमीत. नवा दुकानदार आला की त्याच्याकडून प्रवेशाची रक्कम घेत. कोणत्या दिवशी दुकाने बंद ठेवावयाची, वजनेमापे कोणती धरावयाची, दोघांत तंटा झाल्यास तो कसा मिटवावयाचा, हे सारे महाजनाच्या बैठकीत ठरे. नियम मोडणाऱ्यास दंड होई. दंड न भरणाऱ्याशी कोणी व्यवहार करीत नसे. जमलेल्या पैशातून पांजरपोळ चाले, धर्मशाळा व देवळे यांना साहाय्य होई, अडल्यानडल्याची सोय लागे. सर्व महाजनांच्या वर नगरशेठ असे. कारागिरांच्या अशाच मंडळ्या होत्या. परंतु त्यांना महाजन म्हणत नसत, पंच म्हणत. हा भेद कृपया ध्यानात ठेवावा. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदाबादविषयीचा खंड १८७९ साली प्रसिद्ध झाला. त्यात गवंड्यांच्या पंचाची एक हकीकत आहे. शहरात बांधकाम वाढले, तेव्हा काही गवंडी भल्या पहाटे कामास लागून दिवसाच्या मजुरीवर जादा मजुरी मिळवू लागले. इतरांनी तक्रार केली. पंच बसले आणि निर्णय झाला, तो असा की, सर्वांना पुरेल इतके काम नसताना कोणी एकाने जादा तास काम करू नये. अर्थशास्त्राच्या पंडितांस हा निर्णय फारसा रुचणार नाही, हे मी जाणतो. तथापि ज्याच्या घरी चूल पेटत नव्हती त्या गवंड्याच्या बाजूने पाहिले तर हा नियम कोणाही सरकारी कायद्याइतका खरा होता.

महाजनाचा अधिकार कोठवर पोचत असे, हे १७२५ साली दिसून आले. मोगली सरदारांच्या भांडणात मराठी फौजा शहराच्या दाराशी आल्या होत्या आणि लूट अटळ दिसत होती. नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची मोठी रक्कम देऊन शहर वाचविले. जवाहिऱ्यांच्या धंद्यात व मोगल दरबारात ज्यांचा मोठा दबदबा होता, त्या शांतिदास झवेरींचे ते वंशज. यानंतर शहरातील व्यापाऱ्यांनी एक लेख करून दिला : बाजारात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे खुशालचंद यांना व त्यांच्या वारसांना द्यावयाचे. या लेखावर हिंदू व्यापाऱ्यांच्या सह्या होत्या, तशाच मुसलमान व्यापाऱ्यांच्याही होत्या. कोणा राजाने ही सनद दिलेली नव्हती. बाजारानेच बाजारावर कर बसविला. इंग्रजी अमदानीत, १८३० नंतर, मोडकळीस आलेला शहराचा कोट दुरुस्त करावयाचा होता. तेव्हाही तूप वगैरे मालावर जकात वाढवून निधी उभारण्यात आला. त्या कोटनिधीच्या समितीतूनच पुढे नगरपालिका उभी राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

गिरण्यांचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वश्रुत आहे. रणछोडलाल छोटालाल हे नागर गृहस्थ. जातीने व्यापारी नव्हेत, पूर्वी सरकारी नोकर. गिरणीसाठी विलायतेहून मागविलेली यंत्रसामग्री वाटेत समुद्रात नष्ट झाली. त्यांनी ती पुन्हा मागविली. खंभातच्या बंदरापासून बैलगाड्यांनी ती आणविली आणि १८६१ च्या मे महिन्यात अहमदाबादची पहिली गिरणी चालू केली. पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाल्यावर नळाचे पाणी व भुयारी गटारे यांसाठी त्यांनी पोळांतील लोकांचा रोष पत्करला. पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली गल्ली; तिचा स्वतंत्र पंच व स्वतंत्र निधी असे आणि घर परक्याला विकावयाचे झाल्यास पंचाला विचारावे लागे. अशा बंदिस्त वस्तीत नगरपालिकेचे गटार नेणे हे गिरणी काढण्याहून अवघड काम होते, असे मला वाटते.

गिरण्यांबरोबर एक नवा वर्ग शहरात आला. त्याचे महाजन नव्हते आणि पंचही नव्हता. १९१७ साली प्लेगच्या भीतीने मजूर पळून जाऊ नयेत म्हणून मालकांनी त्यांना भरघोस बोनस दिला. साथ ओसरताच, १९१८ च्या आरंभी, तो बंद करावयाचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. मजुरांनी शेकडा पस्तीस वाढ मागितली. मालक विसांच्या पुढे जाईनात. मालकांचे अग्रणी होते अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूस उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. नदीकाठच्या बाभळीखाली रोज सायंकाळी सभा भरे आणि गांधीजी तेथे बोलत. दिवस लोटले, मजुरांचा धीर खचू लागला, तेव्हा गांधीजींनी उपोषण आरंभिले. तीन दिवसांत तडजोड झाली व प्रश्न लवादाकडे गेला. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी अखेर शेकडा पस्तीसच दिले. तंटा लवादाकडे न्यावयाचा, ही गांधीजींची कल्पना म्हणून आपण सांगतो. ती गांधीजींची होतीच. परंतु अहमदाबादच्या व्यापाऱ्याला ती परकी वाटली नाही, कारण त्याचे आजोबा-पणजोबा महाजनाच्या बैठकीत हेच करीत आले होते.

१९२० च्या फेब्रुवारीत मजुरांचा संघ स्थापन झाला. त्याचे नाव ठेवण्यात आले ‘मजूर महाजन’. मघाशी जो भेद ध्यानात ठेवण्याची विनंती केली होती, तो येथे आठवावा. कारागिरांना जे नाव कधी मिळाले नव्हते, ते नाव चात्यांवर उभ्या राहणाऱ्या मजुरांनी घेतले. पुढल्या काळात या महाजनाचे सभासद लाखाहून अधिक झाले. त्याच्या शाळा होत्या, दवाखाना होता, वाचनालये होती. गुलझारीलाल नंदांसारखे कार्यकर्ते तेथूनच देशाच्या कारभारात गेले.

तरीही या थोर संस्थेच्या आत जुन्या भिंती राहिल्याच. मजूर महाजन हा खात्यांच्या संघांचा संघ होता, आणि गिरणीतील खाती जातींप्रमाणे विभागलेली होती. धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी विणकराला तोंड लावावे लागे. एवढ्या कारणावरून दलितांना विणाईखात्यात प्रवेश नव्हता व ते कताईखात्यात कोंडलेले होते. मुसलमान विणकर दुसरीकडे. १७२५ च्या लेखावर ज्यांच्या सह्या एकत्र होत्या, त्यांची नातवंडे-पणतवंडे १९६९ च्या दंगलीत एकमेकांसमोर आली, आणि गिरणगावातील हा रक्तपात थोपविणे एवढ्या मोठ्या मजूर महाजनालाही शक्य झाले नाही. शहराचा गौरव गाताना हे वगळणे मला योग्य वाटत नाही.

आता कापडबाजारातील एका प्रसंगाकडे वळतो. १९७१ साली काही बाया मजूर महाजनाच्या महिला शाखेत आल्या. त्या कापडाच्या गाठी डोक्यावरून व हातगाड्यांवरून वाहत आणि रस्त्याच्या कडेलाच राहत. खेपांप्रमाणे मजुरी ठरलेली. पण खेपांची नोंद व्यापाऱ्याच्या मनाप्रमाणे. शाखेच्या प्रमुख एला भट्ट यांनी ही हकीकत वृत्तपत्रात लिहिली. व्यापाऱ्यांनी उत्तर छापविले : आरोप खोटा आहे, आम्ही या स्त्रियांना अमुक दराने रास्त मजुरी देतो. महिला शाखेने उत्तराला प्रत्युत्तर दिले नाही. व्यापाऱ्यांनीच जाहीर केलेले ते दर तिने कार्डांवर छापले आणि बायांच्या हाती दिले. मजुरी घेताना बाई कार्ड पुढे करी. व्यापाऱ्याला आपला शब्द नाकारता येईना. ज्या बाजारात तोंडी शब्दावर लाखाचा माल फिरतो, त्या बाजारातील नियम या निरक्षर बायांनी त्याच बाजाराला लावला. संघटनेच्या इतिहासात याहून मोठे विजय पुष्कळ असतील. मला मात्र हाच सर्वांत सुंदर वाटतो.

ही वार्ता पसरताच जुने कपडे विकणाऱ्या, चिंध्या शिवणाऱ्या, भाजी विकणाऱ्या स्त्रिया येऊ लागल्या. १९७२ साली त्यांनी ‘सेवा’ या नावाने संघाची नोंदणी मागितली. कामगार खात्याचे म्हणणे पडले, तुमचा मालक कोण? मालक नाही तर संघ कोणाविरुद्ध? उत्तर असे होते की, संघ कोणाविरुद्ध असण्यापूर्वी तो एकमेकींसाठी असतो. नोंदणी झाली. दोन वर्षांनी चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भांडवल देऊन सहकारी बँक काढली. अर्जावर सह्या हव्यात, अंगठे चालणार नाहीत, असा प्रश्न आला, तेव्हा पंधरा प्रवर्तक बाया रात्रभर जागून स्वतःचे नाव लिहावयास शिकल्या. खातेदारांपैकी ज्यांना सही येत नसे, त्यांचे छायाचित्र पासबुकात लावीत. छायाचित्रात बाईच्या हाती पाटी आणि पाटीवर खात्याचा क्रमांक.

या संघाने आपल्या नावात महाजन हा शब्द घेतला नाही, आणि मजूर महाजनाच्या घरात तो फार काळ राहिलाही नाही. १९८१ साली राखीव जागांविरुद्ध दंगे उसळले असता एला भट्ट यांनी दलितांची बाजू उघडपणे घेतली. मजूर महाजनाने ‘सेवा’ला आपल्यातून बाहेर काढले. ज्या संस्थेचा जन्मच बाहेर राहिलेल्यांसाठी झाला होता, तिने हे करावे, याची खंत त्या काळी अनेकांना वाटली.

त्यानंतरच्या वर्षांत गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. १९८० व १९९० च्या दशकांत हजारो गिरणी कामगार बेकार झाले. निवृत्तिवेतन, दवाखाना, ठरलेली रजा हे सारे एका पिढीत मिळाले होते. ते एका पिढीत गेले. कोणी रिक्षा चालवू लागला, कोणी हातगाडी लावली. बहुतेक घरांत आता बायकोच्या विड्या, अगरबत्त्या आणि शिवणाचे पैसे चुलीला पुरू लागले. म्हणजे ज्या कामाला मजूर महाजनाने काम म्हणून कधी मोजले नव्हते, त्याच कामात गिरणी कामगाराचे कुटुंब येऊन उभे राहिले. सभासदांच्या याद्या घेऊन बसलेली ‘सेवा’ तेथे आधीपासूनच होती.

शेवटी माणेकचौकाविषयी थोडे सांगतो, कारण हे सारे तेथे एका दृष्टीत येते. जामा मशिदीच्या मागे हा चौक आहे. दिवसा येथे सोन्याचांदीचा व्यापार चालतो. सराफांचे महाजन जुने आणि भारदस्त. दुकाने बंद झाली की त्याच फरसबंदीवर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत गर्दी हटत नाही. भाजीवाल्या तेथे पिढ्यानुपिढ्या बसत आल्या. माझी आजी येथे बसे, असे सांगणारी बाई तेथे सहज भेटते. तरीही कागदोपत्री त्यांची जागा नव्हती. रहदारीस अडथळा म्हणून १९८० च्या सुमारास महानगरपालिकेने त्यांना उठविण्यास आरंभ केला, तेव्हा त्या हटल्या नाहीत आणि ‘सेवा’च्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्यांची मागणी दोन टोपल्या मावतील एवढ्या जागेची होती.

एला भट्ट २०२२ साली निवर्तल्या. त्यापूर्वी आठ वर्षे, २०१४ साली, संसदेने फेरीवाल्यांचा कायदा संमत केला. त्यानुसार प्रत्येक शहरात विक्रीसमिती असावयाची. तिच्यात निदान शेकडा चाळीस सभासद फेरीवाल्यांनी निवडलेले आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया. कायदा झाला तरी टोपली उचलून नेणारी गाडी कित्येक शहरांत अजून येतेच. माणेकचौकात कोठे बसावयाचे, किती वाजेपर्यंत बसावयाचे आणि नव्या बाईला जागा द्यावयाची की नाही, हे तेथील भाजीवाल्या अद्याप सकाळी आपसांत बोलून ठरवितात.